मागची गाडी संध्याकाळी रुसते

पत्र असं आहे:

"नमस्कार. निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं वर्षातले चार-पाच महिने मोटरहोममध्ये काढतो. मोटरहोम हे चालवतात. मागे टो बारला आमची छोटी गाडी असते, चारही चाकांवर ओढत नेतो. रोज सात-आठ तास रस्त्यावर. मुक्कामाला पोचलं की गाडी सोडवायची आणि मी ती घेऊन सामानसुमान आणायला जायचं, असा शिरस्ता. पहिले दोन दिवस सुरळीत जातात. तिसऱ्या संध्याकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट-कट. बॅटरी गेली म्हणून नवी ५० अँपिअर-अवरची बसवली, पण पाच महिन्यांत नवीचंही तेच रडगाणं. ओढताना किल्ली एक टप्पा फिरवून ठेवावी लागते, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. ब्रेकच्या पेडलवर बसणारी एक पेटी आहे, ती लायटरच्या सॉकेटवर चालते. माझा भाऊ म्हणतो, रोज निगेटिव्ह काढून ठेव. दुकानदार म्हणतो, डॅशबोर्डवर सोलर पॅनल ठेवा. शेजारी थांबलेल्या एका गृहस्थांनी मोटरहोमपासून मागच्या गाडीपर्यंत सरळ एक वायर टाकली आहे, ते म्हणतात तसंच करा. ह्यांचं मत, नवी बॅटरीच खराब निघाली, परत करू. चार तोंडं, चार सल्ले. मी कुणाचं ऐकू?"

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द "तिसऱ्या" हा आहे. पहिल्या दिवशी नाही, कधीतरी नाही, बरोब्बर तिसऱ्या संध्याकाळी. खराब बॅटरी इतकी शिस्त पाळत नाही. इथे हिशोब चुकतो आहे, बॅटरी नाही.

मांडून बघू. किल्ली एक टप्पा पुढे असली की गाडीच्या दृष्टीने ती झोपलेली नसते. रेडिओ बंद दिसला तरी आतले कंट्रोल युनिट जागे असतात, डॅशबोर्डवर काही दिवे लुकलुकतात, वर ब्रेकची पेटी आपलं खाणं मागते. सगळं मिळून २ अँपिअर धरा. सात तासांत १४ अँपिअर-अवर गेले. ५० मधले उरले ३६. संध्याकाळी तुम्ही पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवता, तेवढ्यात फार तर ५ परत येतात. झाले ४१. दुसऱ्या दिवशी पुन्हा १४ गेले, २७ राहिले, फेरफटक्यात ५ मिळाले, ३२. तिसऱ्या दिवशी मुक्कामाला पोचेपर्यंत १८. पन्नासातले अठरा म्हणजे छत्तीस टक्के, त्यात गारठा असेल तर सेल्फ कुठून फिरणार? तुमच्या गाडीत २ च्या जागी दीड असतील किंवा अडीच असतील, पण चित्र हेच. आवक पाच, जावक चौदा. असा संसार तिसऱ्या दिवशी बसणारच.

आता एक गंमत. सेल्फ मारताना बॅटरीतून दीडशे-दोनशे अँपिअर वाहतात, म्हणून आपल्याला वाटतं की बॅटरी त्यातच संपते. पण तो प्रकार दोन सेकंदांचा असतो. दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे एका अँपिअर-अवरचा दहावा हिस्सासुद्धा नाही. खरी खादाड असते ती दिवसभर चालू राहिलेली बारीकशी गळती. आणि गाडीची बॅटरी बनवलेलीच असते त्या दोन सेकंदांच्या झटक्यासाठी. हळूहळू रिकामी होऊन पुन्हा भरणं हा तिचा धर्म नव्हे. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत दिवसचे दिवस राहिली की प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात, ते पुढे चार्जिंगनेही विरघळत नाहीत आणि ५० ची बॅटरी प्रत्यक्षात ३५ ची होऊन बसते. जुनी अशीच गेली. नवीचा तोच प्रवास सुरू झालाय.

पण मला काळजी सेल्फची नाही. सेल्फ नाही लागला तर जंप केबल आहे, शेजारी आहेत, पायी चालत जाता येतं. तुमची ब्रेकची पेटी त्याच बॅटरीवर चालते, ही गोष्ट पत्रात ओझरती आली आहे आणि माझ्या मते तीच पहिल्या ओळीत हवी होती. मागची गाडी टनभराहून जड असते. तुमचे हे मोटरहोमचा ब्रेक दाबतात तेव्हा मागच्या गाडीनेही आपलं वजन आपण थोपवायचं असतं, म्हणून ती पेटी. टो बार तुटला किंवा निसटला तर एक छोटी केबल ओढली जाऊन पेटीने जोरात ब्रेक लावायचा असतो, तेही त्याच बॅटरीच्या जिवावर. म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, घाट उतरताना, तुमच्या मागे बहुधा पुरेसा ब्रेक नसतो आणि ते तुम्हाला कळतही नाही. कळतं संध्याकाळी, सेल्फ मारल्यावर. काही पेट्यांना आत स्वतःची छोटी बॅटरी असते. तुमच्या पेटीला आहे का, हे तिच्या माहितीपुस्तकात आजच बघा. नसेल तर खालचं सगळं मार्गी लागेपर्यंत दर थांब्यावर पेटी चालू असल्याची खात्री करून मगच पुढे निघा.

आता कामाला लागू. काहीही विकत घेण्याआधी मोजा. साधा मल्टीमीटर पुरतो. सकाळी निघताना, जेवणाच्या थांब्यावर आणि मुक्कामाला पोचल्यावर, गाडी ओढायच्या अवस्थेतच ठेवून, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज बघा आणि लिहून ठेवा. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ किंवा किंचित वर दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. लोड चालू असताना आकडा थोडा खाली दिसतो, तेवढं सोडून द्या. आपल्याला उतार किती वेगाने होतोय ते बघायचं आहे. फक्त इंजिन बंद केल्या केल्या मोजू नका, त्या वेळी आकडा खोटा चढलेला असतो.

गळती नेमकी किती, हे बघायला क्लॅम्प मीटर सगळ्यात सोपा. निगेटिव्हच्या जाड केबलभोवती चिमटा लावायचा, दारं बंद, किल्ली ओढतानाच्या टप्प्यावर, ब्रेकची पेटी चालू, आणि अर्धा तास थांबायचं, कारण काही युनिट झोपायला वेळ घेतात. एक सांभाळा: स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त घरातली एसी वीज मोजतात. गाडीसाठी डीसी मोजणारा हवा. मी एकदा एसीवाला लावून "शून्य! गळती नाहीच!" म्हणून दोन दिवस हिंडले आहे. साधा मल्टीमीटर निगेटिव्हच्या वाटेत जोडूनही मोजता येतं, पण तो जोडलेला असताना कुणी सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज तत्काळ जातो. आपल्याकडे किल्ली कुणाच्या हातात आहे ते आधी ठरवा.

गळती कुठून होते हे शोधायचीही एक छान युक्ती आहे. गाडीच्या चपट्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन सुया त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून काही वाहत नाही. अर्धा मिलिव्होल्ट जरी आला तरी तिथे पाणी मुरतंय. फ्यूज काढायची गरज नाही, त्यामुळे झोपलेलं युनिट पुन्हा जागं होत नाही. फ्यूजच्या झाकणाच्या आत कोणता फ्यूज कशाचा हा तक्ता असतोच. दहा मिनिटांत दोन-तीन गुन्हेगार सापडतात: रेडिओचा पडदा, कुणीतरी लावून ठेवलेला डॅशकॅम, फोन नसतानाही सॉकेटमध्ये अडकलेला चार्जर.

हे करताना गाडीच्या मागे जाऊन ब्रेकचे दिवे बघा. पेटीचा दांडा पेडलवरून पूर्ण उठत नसेल तर पेडल केसभर दाबलेलं राहतं आणि ब्रेकचे दिवे दिवसभर जळतात. जुन्या पद्धतीचे तीन बल्ब असतील तर एकटे तेच ५ अँपिअर खातात. मग मी वर मांडलेला हिशोब पुरता कोलमडतो आणि तिसरी संध्याकाळ पहिलीच होते. तुमच्याकडे पहिले दोन दिवस जातात, म्हणजे बहुधा हा घोटाळा नाही. पण बघाच, कारण अशाने ब्रेकही दिवसभर घासत राहतात आणि ती चाकं हात लावून बघण्यासारखी उरत नाहीत.

भावाच्या सल्ल्याकडे येते. निगेटिव्ह काढली की गळती शून्य, यात वाद नाही, आणि काही गाड्यांची माहितीपुस्तकं ओढण्यापूर्वी तेच करायला सांगतात. पण तुमच्या बाबतीत हा रोगापेक्षा भयंकर इलाज होईल: लायटरच्या सॉकेटला वीज नाही म्हणजे पेटीला वीज नाही म्हणजे ब्रेक नाही. शिवाय काही गाड्यांमध्ये ओढतानाही इलेक्ट्रिक स्टिअरिंगला वीज लागते, नाहीतर पुढची चाकं थरथरायला लागतात. बटनावर चालणाऱ्या हँडब्रेकच्या गाडीत बॅटरी सोडली की हँडब्रेक जिथे असेल तिथेच अडकतो. भावाचा हेतू चांगला आहे, त्याला तसं सांगा आणि त्याचा पाना परत करा.

त्यापेक्षा फ्यूजची वाट बरी. ओढता येण्यासारख्या कितीतरी गाड्यांच्या पुस्तकात, ओढताना अमुक नंबरचा फ्यूज काढा, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या पुस्तकात असेल तर तेच करा. रोज फ्यूज उपटून बोटं दुखत असतील तर त्या जागी छोटा स्विच बसवून मिळतो. मात्र अंदाजाने फ्यूज उपटत सुटू नका. एअरबॅग, स्टिअरिंग आणि ब्रेक यांच्या वाटेला जाऊच नका. आणि काढलेल्या फ्यूजवरच लायटरचं सॉकेट असेल तर पुन्हा ब्रेकचा प्रश्न आला. तसं असेल तर पेटीसाठी बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज टाकून वेगळं सॉकेट काढून घ्या. एका तासाचं काम आहे.

गळती अर्ध्यावर आली तरी शून्य होणार नाही. उरलेलं भरून काढायला मोटरहोमचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र, आहे, दिवसभर फिरतोच आहे. तेव्हा शेजाऱ्यांची दिशा बरोबर. पण "सरळ एक वायर" या तीन शब्दांत बरंच काही दडलंय.

वायरीला लांबी असते आणि लांबीला किंमत मोजावी लागते. मोटरहोमच्या बॅटरीपासून मागच्या सॉकेटपर्यंत, तिथून टो बारवरून, छोट्या गाडीच्या बॉनेटपर्यंत, १४ मीटर सहज होतात. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर जाऊन-येऊन साधारण ०.१२ ओहम रोध. १० अँपिअर वाहायला लागले की १.२ व्होल्ट वाटेतच गेले. अल्टरनेटरकडचे १४.२ मागे पोचेपर्यंत १३.० झाले. उलटा प्रवाह नको म्हणून साधा डायोड घातला असेल तर आणखी ०.७ गेले, उरले १२.३. उतरलेल्या बॅटरीला १२.३ दाखवणं म्हणजे तहानलेल्याला रिकामा तांब्या दाखवणं. प्रत्यक्षात काय होतं, तर प्रवाह आपोआप कमी होतो, तूट कमी होते आणि एक-दोन अँपिअर कसेबसे झिरपत राहतात. म्हणजे शेजाऱ्यांची वायर दिवसभराची गळती भागवत असेल, पण बॅटरी भरत नसेल. त्यांची बॅटरी सकाळी भरलेली असते म्हणून त्यांना ते जाणवत नाही, इतकंच.

त्यातून मोटरहोमचं इंजिन नव्या धाटणीचं असेल तर आणखी पंचाईत. आताशा बरेच अल्टरनेटर इंधन वाचवायला स्वतःच व्होल्टेज खाली आणतात, कधी साडेबारापर्यंत. मग साध्या वायरीतून मागे काहीच जात नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वायर टाका, पण तिच्या शेवटी, छोट्या गाडीच्या बॅटरीजवळ, एक लहान डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. ५ ते ८ अँपिअरचा पुरे. मोठा घेऊ नका, मोठ्याला मोठी वायर लागते. त्याच्या पुढ्यात ११-१२ व्होल्ट येवोत की १४, तो पलीकडे बॅटरीला हवे तेवढे, म्हणजे १४.४ च्या आसपास, काढून देतो, भरली की हात आखडता घेतो, आणि असे बहुतेक चार्जर प्रवाह उलटा जाऊ देत नाहीत, त्यामुळे डायोडचीही गरज राहत नाही. दुकानात विचारून घ्या. सात तासांत ५ अँपिअर म्हणजे २ गळतीचे वजा जाऊन ३ शिल्लक. तुमचा उलटा हिशोब सुलटा होतो. एक खोड मात्र माहीत असू द्या. काही चार्जर आत येणारं व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की "इंजिन बंद झालं" असं समजून थांबतात. लांब वायरीत तूट झाली की ते थांबतात, थांबले की तूट नाहीशी होऊन व्होल्टेज चढतं, की पुन्हा सुरू. दिवसभर हा चालू-बंद खेळ. अशांना मोटरहोमच्या सॉकेटमधल्या, किल्ली चालू असतानाच वीज देणाऱ्या पिनेवरून एक बारीक इशाऱ्याची तार देता येते, ती दिली की खोड जाते.

वायर टाकताना दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात, फ्यूज हवा. एका टोकाला पुरतो असं वाटतं, पण ही वायर दोन बॅटऱ्यांच्या मध्ये आहे; वाटेत कुठेही सोलली गेली तर दोन्ही बाजूंनी आग ओतायला कुणीतरी बसलेलं असतं. आणि परतीची वायर म्हणजे अर्थ, निगेटिव्हची बाजू. इथे माझी स्वतःची फजिती सांगते. मी पहिल्यांदा लाइन टाकली तेव्हा पॉझिटिव्हला झकास जाड वायर घेतली आणि अर्थ टो बारमधून मिळेलच म्हणून सोडून दिला. लोखंडाला लोखंड लागलंय, आणखी काय हवं? सहा तास गाडी ओढून बॅटरीवर मीटर लावला तर १२.३. वायर तपासली, फ्यूज तपासला, मोटरहोमचा अल्टरनेटर खोलायच्या बेतात होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी मोटरहोमच्या चॅसिसवर ठेवली तर मधे दीड व्होल्ट! सगळी वीज रंग, ग्रीस आणि हलत्या खिळींमधून वाट काढत होती. पॉझिटिव्हइतकीच जाड अर्थची वायर प्लगमधून टाकली आणि त्या दुपारी १३.९ दिसले.

तुमच्या मोटरहोमला मागे चपट्या पात्यांचं सात पिनांचं सॉकेट असेल तर त्यात एक पिन १२ व्होल्टची असायला हवी. असायला हवी म्हणते, कारण पुष्कळदा पिन असते पण मागे तारच जोडलेली नसते. इंजिन चालू करून मीटरने बघा. मग इंजिन बंद करून पुन्हा बघा. बंद केल्यावरही १२ दाखवत असेल तर ती पिन कायम जिवंत आहे. रात्री प्लग तसाच राहिला तर मागच्या गाडीबरोबर मोटरहोमचीही बॅटरी उतरेल आणि सकाळी दोघी एकमेकींकडे बघत बसतील. अशा वेळी वाटेत किल्लीवर चालणारा रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, घाला. तेरा पिनांचं सॉकेट असेल तर ९ नंबरची पिन कायम चालू आणि १० नंबरची किल्लीवर अशी रचना ठरलेली आहे, तिथे १० नंबर घ्या आणि तिचा अर्थ ११ नंबरवर. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर तो घासून काढा. केबल वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल आणि रस्त्याला टेकणार नाही इतकी आवळ ठेवा.

गाडी इंजिन आपोआप बंद-चालू होणारी असेल तर निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटी चौकोनी डबी दिसेल. ती बॅटरीत काय आलं, काय गेलं याची मोजदाद ठेवते. चार्जरची निगेटिव्ह थेट टर्मिनलला लावली तर डबीला चुकवून वीज आत जाते आणि गाडीचा समज होतो की बॅटरी अजून रिकामीच आहे. म्हणून निगेटिव्ह चॅसिसला लावा.

दुकानदाराचं सोलर. डॅशबोर्डवर ठेवायचं ते पॅनल ५ वॅटचं असतं, भर उन्हातही अर्धा अँपिअर देत नाही आणि काचेआडून त्याहून कमी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ठीक. छतावर पक्कं बसवलेलं ५० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हाच्या दिवशी तुमचे १४ अँपिअर-अवर जवळजवळ भरून देऊ शकतं, पण ढग आले की हात वर. पुढे चालता-फिरता अल्टरनेटर असताना मी त्याच्या भरवशावर ब्रेक सोडणार नाही.

हे सगळं होईपर्यंत आजपासून करण्यासारखं एक काम आहे. मुक्कामाला घरगुती विजेची जोडणी मिळत असेल तर ४-५ अँपिअरचा साधा ऑटोमॅटिक चार्जर घ्या आणि रात्री गाडीला लावून झोपा. रोज १४ गेले तरी सकाळपर्यंत परत येतात. पाऊस असेल तर जोड उघड्यावर पडू देऊ नका. खरं सांगायचं तर तुम्ही रोज विजेच्याच मुक्कामी थांबत असाल आणि सात तासांच्या पुढे जात नसाल, तर एवढ्यावरही वर्षं काढता येतील. मी तरी वायर टाकेन, कारण एखाद्या दिवशी वीज नसलेला मुक्काम येतो आणि दुसऱ्याच दिवशी घाट.

राहिलं ह्यांचं म्हणणं. बॅटरी परत करायला निघालाच असाल तर आधी ती चार्जरवर पूर्ण भरा, चार्जर काढा, किल्लीही काढा, आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी १२.६ च्या आसपास असेल आणि सेल्फ झटक्यात लागत असेल तर बॅटरी शाबूत आहे, दुकानदाराच्या दारात जाऊन वाद घालू नका. १२.४ च्या खाली आली तर तिला मार बसलेला आहे. दुकानात लोड टेस्ट करून घ्या. पण मारणारे आपणच होतो, हे ह्यांना गाडीत बसण्याआधी सांगून ठेवा.